मिरकरवाड्याचा खारा वारा आणि आपले काँक्रीट



उपसा जलसिंचन संस्थांच्या सभांतून अलीकडे एक विषय वारंवार पुढे येऊ लागला आहे. जॅकवेल, पंपगृह, पाण्याची उंच टाकी, खताचे गोदाम यांच्या काँक्रीटवर पाणी झटकून टाकणारे औषध मारून देतो, मग वीस वर्षे बघायला नको, असे सांगणारी मंडळी संस्थेच्या दारी येतात. कॅनमध्ये पाण्यासारखा दिसणारा द्रव असतो. भिंतीच्या एका कोपऱ्यात तो लावतात, थोड्या वेळाने त्यावर तांब्याभर पाणी ओततात आणि पाणी अळवाच्या पानावरून जावे तसे ओघळून जाते. संचालक मंडळी बघत राहतात. पुढच्या सभेत ठराव होतो.

हे औषध खोटे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. योग्य जागी, योग्य वेळी लावले तर ते फार चांगले काम करते. पण जुन्या, गंजलेल्या, गळक्या बांधकामांवरच ते मारून घेण्याचा आग्रह जास्त होतो, आणि तेथे ते मारणे म्हणजे संस्थेचा पैसा पाण्यात. तो पैसा तुमच्या-आमच्या पाणीपट्टीतून आलेला असतो. म्हणून त्याचे मर्म समजावून घेऊ.

त्यासाठी आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे लागेल, कारण काँक्रीटची खरी परीक्षा तेथे होते. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आपल्या सभासदांपैकी थोडेच लोक मिरकरवाड्याच्या बंदरात डोकावतात. मासळीचा वास येतो म्हणून गाडी पुढे काढतात. पण ज्यांच्या संस्थेचे लाखो रुपये काँक्रीटमध्ये गुंतले आहेत, अशांनी एकदा ओहोटीच्या वेळी त्या धक्क्यावर जरूर उभे राहावे. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या कुशीत हे बंदर आहे. ट्रॉलर लागतात, टोपल्या उतरतात, बर्फाचे आणि मासळीचे खारट पाणी फरशीवरून वाहत असते. वरून पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि वर्षभर खारा वारा.

अशा धक्क्याचा खांब खालून वर पाहत गेले की चार पट्टे पडतात. तळाचा भाग कायम पाण्यात. त्याच्या वर शेवाळ आणि कालवे चिकटलेला काळपट पट्टा, तो भरती-ओहोटीचा. त्याच्या वर लाटांचे तुषार उडतात तो भाग. सगळ्यात वर फक्त खारी हवा लागते तो.

यातला कोणता भाग आधी कुजेल? दहा जणांना विचारा, नऊ जण सांगतील की पाण्यात बुडालेला. प्रत्यक्षात उलटे आहे. बुडालेल्या भागात मीठ भरपूर पोहोचते, पण लोखंड गंजायला प्राणवायूही लागतो, आणि पाण्याने भरलेल्या काँक्रीटमधून तो फारच सावकाश आत जातो. खरा मार खातो तो भरतीचा वरचा काठ आणि तुषारांचा पट्टा. तेथे काँक्रीट भिजते, वाळते, पुन्हा भिजते. भिजताना मीठ आत जाते, वाळताना पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. दिवसातून दोनदा हा फेरा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड. काही वर्षांत काँक्रीटच्या आतले मीठ बाहेरच्या समुद्रापेक्षाही दाट होऊ शकते. तुळईचा आणि स्लॅबचा तळ तर आणखी दुर्दैवी, कारण तुषार तेथे पोहोचतात, पण पावसाचे गोडे पाणी मीठ धुवायला तेथे जात नाही.

हे आपल्याला नवीन नाही. शिरोळ, वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी हेच पाहिले आहे. खालचे पाणी मातीच्या बारीक केशनळ्यांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि रानावर पांढरा थर राहतो. काँक्रीटच्या पोटातही अशाच केशनळ्या असतात. काँक्रीट म्हणजे अभंग दगड, ही समजूत चुकीची आहे. सिमेंटला बसण्यासाठी जेवढे पाणी लागते, त्याहून जास्त पाणी आपण कालवताना घालतो. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि जाताना वाटा करून ठेवते. गवंडी "माल जरा पातळ करा, भराभर पसरतो" म्हणतो, तेव्हा तो त्या वाटाच रुंद करत असतो.

आता सळईकडे वळू. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटमधल्या चुन्यामुळे आतले वातावरण तीव्र अल्कधर्मी राहते आणि सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर धरतो. हा थर दोन प्रकारे मोडतो. एक, हवेतला कर्बवायू हळूहळू आत शिरून तो अल्कधर्मीपणा घालवतो. दुसरा प्रकार क्लोराइडचा. मीठ सळईपर्यंत पोहोचले की काँक्रीट कितीही अल्कधर्मी असो, तो थर जागोजागी फुटतो. मग गंज सुरू. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते, आणि त्याला आत जागा नसते. तो काँक्रीटला फोडून बाहेर येतो. आधी सळईच्या रेषेत भेग, मग तांबडे ओघळ, मग खपल्या.

हे फक्त धक्क्यापुरते नाही. पणजीचा मांडवीवरील जुना नेहरू पूल १९७० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या पोटातल्या ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुढे कित्येक वर्षे लोकांना फेरीबोटीवर अवलंबून राहावे लागले. मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७० च्या दशकातला. त्याच्याही तारा गंजल्या, दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि शेजारचा दुसरा पूल १९९७ साली सुरू झाला. एवढी मोठी कामे अशी लवकर आजारी पडतात, तर आपल्या गावच्या मिस्त्रीने ओतलेल्या टाकीची काय कथा!

औषध काय करते

बाजारात याला वॉटर रिपेलंट, सिलेन, सिलॉक्सेन अशा नावांनी ओळखतात. सिलिकॉन या मूलद्रव्यापासून केलेली ही रसायने आहेत. सिलेनचा रेणू फार लहान असतो, म्हणून तो केशनळ्यांतून आत शिरतो. तेथल्या ओलाव्याशी आणि अल्कधर्मी काँक्रीटशी त्याची क्रिया होते, मद्यार्काची वाफ निघून जाते आणि रेणूचा एक भाग केशनळीच्या भिंतीला पक्का धरून बसतो. दुसरा भाग तेलकट स्वभावाचा असतो, तो पोकळीकडे तोंड करून राहतो. जी केशनळी पूर्वी पाणी ओढून घेत होती, तीच आता पाणी मागे ढकलते.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. हा रंग नाही. पृष्ठभागावर थर धरत नाही, भोके बुजवत नाही, काँक्रीट दिसायला होते तसेच राहते. भोके उघडीच असल्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते आणि काँक्रीट आतून वाळत जाते. रंगाचा किंवा डांबराचा थर दिला तर पुष्कळदा आतला ओलावा कोंडतो आणि थर फुगून सुटतो, तसे येथे होत नाही. दुसरे असे की हे संरक्षण थोड्याच खोलीचे आहे. चांगल्या, घट्ट काँक्रीटमध्ये औषध काही मिलिमीटर आत जाते. मलईसारखे दाट औषध मिळते, ते उभ्या भिंतीला व स्लॅबच्या तळाला जास्त वेळ चिकटून राहते म्हणून खोल जाते. युरोपीय मानकात १० मिलिमीटरच्या आतले आणि त्याहून खोल जाणारे असे दोन वर्गच पाडले आहेत.

पूल बांधणाऱ्यांनी याचा अनुभव पुष्कळ घेतला आहे. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे त्यांचे पूल समुद्रापासून दूर असूनही खारे होतात. अमेरिकेत १९८१ साली अशा औषधांच्या तुलनात्मक चाचण्यांचा अहवाल निघाला. ब्रिटनमध्ये १९९० साली महामार्गावरील पुलांसाठी सिलेनचे नियम झाले. दोन्हीकडचा सार एकच होता: सगळी औषधे सारखी नसतात आणि नावापेक्षा चाचणी महत्त्वाची.

सिलॉक्सेनचा रेणू मोठा, तो घट्ट काँक्रीटमध्ये फार खोल जात नाही. मोकळ्या पोताच्या विटेला किंवा जांभ्याला तो बरा. पुलाच्या किंवा टाकीच्या काँक्रीटला सिलेन मागावे.

कोठे उपयोग नाही

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवणार आहोत, कारण पैसा येथेच जातो.

पाण्याचा दाब असेल तेथे हे औषध टिकाव धरत नाही. केशनळी पाणी ओढून घेत नाही हे खरे, पण पाठीमागून दहा-पंधरा फुटांचा पाण्याचा दाब असेल तर पाणी ढकलून आत जातेच. म्हणून टाकी आतून, जॅकवेलचा बुडालेला भाग, पाण्याखालचे पाये यांवर ते मारण्यात अर्थ नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरातही भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर ते लावता येत नाही, कारण तेथे काँक्रीट औषध पिण्याइतके कधी वाळतच नाही. तेथला इलाज काँक्रीट ओततानाच करावा लागतो. भारतीय मानक ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तीत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भागासाठी किमान एम ४० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंच कव्हर सांगितले आहे. तुषार लागणाऱ्या भागाला एम ३५ आणि ५० मिलिमीटर, नुसत्या किनाऱ्याच्या हवेला एम ३० आणि ४५ मिलिमीटर. आपल्याकडे पुष्कळ स्लॅबांत सळई थेट फळीवर टेकलेली असते आणि खाली दगडाची कपची सारायलाही कोणाला वेळ नसतो! जेथे अर्धा इंचसुद्धा कव्हर नाही, तेथे औषधाचे चार मिलिमीटर काय राखणार?

भेगांना हे औषध सांधत नाही. केसाएवढ्या बारीक भेगेत थोडा उपयोग होतो, पण नखाला लागेल अशी भेग आधी वेगळी भरून घ्यावी लागते.

घराचा स्लॅब गळतो म्हणून बरेच सभासद हे औषध विचारतात. त्यांना आमचा सल्ला असा की आधी स्लॅबवर पाणी कोठे साठते ते पावसात छत्री घेऊन बघा. ढाळ नसेल, पन्हळीचे तोंड बुजले असेल, कोबा उकलला असेल तर तो दोष दुरुस्त करा. साठलेल्या पाण्याखाली सिलेन कामाचे नाही.

आत आधीच शिरलेले मीठ हे औषध बाहेर काढत नाही. हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. किनारपट्टीला खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ पहिल्या दिवसापासूनच काँक्रीटच्या पोटात असते. मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, आणि कालवायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. आपल्याकडे समुद्र नाही, पण क्षारपड शिवारातल्या विहिरीचे मचूळ पाणी आहे. तेच पाणी बांधकामाला आणि वर मारायला सर्रास वापरतात. ते पाणी आधी तपासून घ्यावे. अशा काँक्रीटवर बाहेरून औषध मारणे म्हणजे काणी लागलेल्या उसाला बेणेप्रक्रिया करण्यासारखे आहे. प्रक्रिया लागणीपूर्वी करायची असते.

कर्बवायू अडवणे हेही याचे काम नव्हे. भोके उघडी राहतात म्हणून वायू आत जातच राहतो, आणि काँक्रीट वाळल्यामुळे काही ठिकाणी थोडा अधिकच जातो. जेथे तो धोका मोठा आहे, तेथे वेगळ्या प्रकारचा रंग लागतो.

आणि आपल्या कारखान्याच्या आवारातला एक विशेष. रस, पाक, मळी जेथे सांडते तेथील फरशी सिलेनने वाचत नाही. आंबलेल्या रसातील आम्ले आणि खुद्द साखर सिमेंटमधल्या चुन्याशी क्रिया करून त्याला विरघळवतात. तेथे आम्लरोधक फरशी किंवा इपॉक्सीच लागते. साखर आणि सिमेंट यांचे पटत नाहीच. ओल्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या शेकडा एक एवढी साखर मिसळली तर ते जवळजवळ बसतच नाही. म्हणून साखरेची रिकामी पोती झटकून त्यातून वाळू-सिमेंट वाहण्याची हौस करू नये. जुन्या चुन्याच्या कामात गूळ घालत असत, ते काम चुन्याचे होते.

कोठे लावावे

नवीन, घट्ट, पुरेशा कव्हरचे, उघड्यावरचे आणि वाळू शकणारे काँक्रीट ही याची खरी जागा. बंदरात धक्क्याच्या वरच्या तुळया, स्लॅबचा तळ, कठडे, लिलावशेडचे खांब. आपल्याकडे उंच टाकीची बाहेरची बाजू आणि तिचे खांब, नदीकाठच्या पंपगृहाचा पुराच्या रेषेवरचा भाग, क्षारपड रानात उभे असलेले पाइपलाइनचे आधारखांब यांचा जमिनीलगतचा दोन-तीन फूट भाग. शेवटच्या जागी ओल आणि क्षार खालूनही चढतात हे खरे, म्हणून तेथे औषधाआधी निचऱ्याची व्यवस्था करावी.

खताच्या गोदामाबद्दल थोडे सविस्तर. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग क्लोराइडच असतो. पावसाळ्यात फाटक्या पोत्याला पाझर सुटला आणि पोती खांबाला टेकून रचलेली असली, तर त्या खांबापुरता घरबसल्या मिरकरवाडा तयार होतो. पोती भिंतीपासून आणि खांबापासून दोन फूट लांब, लाकडी फळ्यांवर रचावीत. ही काळजी फुकट आहे. अमोनियम सल्फेटसारखी खते काँक्रीटवरच रासायनिक हल्ला करतात, तेथे सिलेन पुरत नाही. म्हणून गोदामात खांबाच्या खालच्या चार-पाच फुटांना इपॉक्सीचा लेप देणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

लावण्यापूर्वी आणि लावताना

प्रथम हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत थर सुटला आहे. तांबडे ओघळ किंवा सळईच्या रेषेतली भेग दिसली तर औषधाची गोष्ट बंद ठेवून दुरुस्तीचा अंदाज मागावा. मोठे काम असेल तर निरनिराळ्या खोलीवरून छिद्र पाडून भुकटी काढावी आणि तिच्यातील क्लोराइड प्रयोगशाळेत मोजून घ्यावे. मीठ वरच्या थरातच आहे की सळईपर्यंत पोहोचले आहे, ते त्यावरून कळते. या तपासणीचा खर्च औषधाच्या खर्चापुढे किरकोळ असतो, आणि तीच टाळली जाते.

नवीन काँक्रीटला किमान २८ दिवस होऊ द्यावेत. त्याआधी पाणी मारण्यात कसूर नको. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा. पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुऊन धूळ, शेवाळ, तेल, जुना रंग काढावा आणि मग चांगला वाळू द्यावा. काँक्रीटला वाफसा आला पाहिजे, असे आम्ही म्हणू. पार चिंब असेल तर औषध आत जायला जागा नसते, आणि अगदी ठणठणीत कोरडे असेल तर क्रियेला लागणारा ओलावा नसतो. वरून कोरडे, आतून किंचित दमट, ही खरी घात. कोकणात त्यासाठी पावसाळा सरून काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. आपल्याकडे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ उत्तम. भर उन्हात, सोसाट्याच्या वाऱ्यात किंवा आभाळ भरले असताना मारू नये.

पातळ औषध खालून वर, ओघळ सुटेपर्यंत पाजावे. ब्रिटिश पुलांच्या नियमात एका चौरस मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर, असे दोन हात सांगितले होते. आपल्याकडे पुष्कळदा एका कॅनमध्ये सगळी टाकी उरकतात. हिशेब साधा आहे: क्षेत्रफळ मोजा, किती लिटर लागायला हवे ते काढा, आणि रिकामे कॅन मोजून घ्या. पाणी घालून पातळ करू देऊ नये. एकदा औषध बसले की नंतर चुना किंवा साधा पाणरंग नीट धरत नाही, म्हणून रंगवायचे असेल तर आधीच विचारून ठरवावे.

हे द्रव डोळ्यांना घातक आणि पुष्कळसे ज्वालाग्राही असतात. चष्मा, हातमोजे, वारा खेळता, आणि जवळपास बिडी नको. जॅकवेलसारख्या बंदिस्त जागेत एकट्या माणसाला उतरवू नये. शेजारी उसाचे कोवळे पीक किंवा माशांचे शेततळे असेल तर झाकणे घालावीत.

आता तांब्याभर पाण्याच्या प्रयोगाविषयी. पृष्ठभागावर थेंब ओघळला म्हणजे औषध आत गेले, असे सिद्ध होत नाही. साधे मेण किंवा तेल चोळले तरी थेंब ओघळतो. उलट चांगल्या कामातही वर्ष-दोन वर्षांत उन्हाने वरचा थेंब ओघळण्याचा गुण जातो, पण आतले काम चालू असते. म्हणून कंत्राटदाराकडून दोन चाचण्या मागाव्यात. पहिली, खुणा असलेली काचेची नळी पुटीने भिंतीला चिकटवून तिच्यात पाणी भरायचे आणि ठरावीक वेळात पातळी किती उतरते ते पाहायचे. औषध लावलेल्या आणि न लावलेल्या, अशा दोन्ही जागी. दुसरी चाचणी खोलीची. काम सुरू करण्यापूर्वी एका कोपऱ्यात नमुना लावून घ्यावा, काही आठवड्यांनी तेथून छोटा गाभा कापून काढावा, तो उभा फोडून त्यावर पाणी शिंपडावे. औषध पोहोचले आहे तेवढा कडेचा पट्टा फिकट, कोरडा राहतो आणि बाकीचा भाग ओला होऊन काळा पडतो. पट्टी लावून तो मोजावा. किती मिलिमीटर हवेत ते निविदेत आधीच लिहावे, आणि तेवढे दिसेपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढू नये.

ज्या संस्थांचे ठराव झाले आहेत पण काम सुरू झालेले नाही, त्यांनी बांधकामाचे वर्ष, नकाशा आणि औषधाचे माहितीपत्रक घेऊन कारखान्याच्या स्थापत्य विभागात यावे. हातोडी आमच्याकडे आहे.